सर्जन न होणाऱ्यांना सर्जरी किती आणि कशी शिकवायची?

अर्धाटाका (धुळे)
एमबीबीएसच्या मुलांना सर्जरीच्या पोस्टिंगला (वॉर्डातल्या पाळीला) चार आठवडे मिळतात, एका बॅचला 12 मुलं. त्यातला एखादा सर्जन होईल. बाकीचे मेडिसिन, बालरोग, त्वचा, नाहीतर थेट पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) एमओ, म्हणजे मेडिकल ऑफिसर. ओटीत (ऑपरेशन थिएटरात) टेबलाभोवती उभे केले की पुढच्या दोघांना पोट दिसतं, मागच्या दहांना सर्जनची पाठ. हर्नियाचे प्रकार तोंडपाठ, पण टाके काढायला सांगितले तर कात्री कुठे घालायची कळत नाही. काय ठेवावं, काय गाळावं? आणि टाके घालायच्या सरावाला स्वस्तात काय वापरता? सिलिकॉन पॅड महाग पडतं आणि एकाच बॅचमध्ये त्याची चाळणी होते.

तापीकाठ (जळगाव)
खान्देशात बसून पॅड कशाला शोधता सर, केळं घ्या! फक्त निवडून घ्या. पूर्ण पिकलं असेल तर साल दोऱ्याबरोबर फाटते, कच्च्याचा चीक ग्लोव्हजला चिकटतो. देठाशी अजून हिरवं असलेलं पिवळं केळं बरोबर.

15 नंबरच्या ब्लेडने सालीला 4 सेंमीची चीर द्यायची. 3-0 जाडीचा नायलॉन दोरा, कटिंग नीडल (धारदार कडांची सुई). सुई टोकापासून दोन-तृतीयांशावर धरायची. पार दोऱ्याजवळ धरली की वाकते. कडेपासून 5 मिमीवर काटकोनात टोचून मनगट फिरवायचं, सुई आपल्या गोलाईने बाहेर येते. मुलं मनगट न फिरवता सुई सरळ पुढे रेटतात आणि तिथेच साल चिरते. माणसाची कातडी चिवट, ती ही चूक पोटात घालते. साल घालत नाही. पहिली गाठ दुहेरी, मग दोन एकेरी, उलटसुलट.

खरी तपासणी दुसऱ्या दिवशी. केळ्यांवर नावं लिहून ठेवून द्या. फोर्सेपने (चिमट्याने) जिथे जिथे दाबून धरलं, तिथे सकाळी काळे ठिपके उमटलेले असतात. गाठ आवळली असेल तर टाक्याखाली काळी रेघ. जखमेच्या कडा अशाच मरतात: रात्रीतून सूज येते आणि संध्याकाळी ‘मस्त घट्ट’ बसलेला टाका सकाळी कातडी कापत असतो. कडा एकमेकींना टेकल्या की थांबायचं.

टाके काढायचे तेही त्याच केळ्यावर. गाठ उचलायची, तिच्याखाली कातडीला चिकटून एकाच बाजूचा दोरा कापायचा. बाहेर राहिलेला मळका दोरा जखमेतून ओढला जाता कामा नये, एवढंच त्यातलं गणित. चेहऱ्याचे साधारण 5 दिवसांनी, डोक्याचे 7 ते 10, पायाचे 10 ते 14.

याहून महत्त्वाचं म्हणजे शिवायचं कधी नाही. शेण-माती गेलेली, दिवसभर तशीच राहिलेली जखम भरपूर पाण्याने धुवायची, मेलेलं मांस काढायचं, ओली गॉज भरून उघडी ठेवायची आणि स्वच्छ दिसली तर चौथ्या-पाचव्या दिवशी शिवायची. हाताची जखम असेल तर भूल देण्याआधी प्रत्येक बोट वाकवून-सरळ करून घ्यायचं आणि टोकाची संवेदना तपासायची. भूल दिल्यावर संवेदनेची नस आधीच तुटली होती की नाही हे कोण सांगणार?

गॅसवाला
तापीकाठ यांनी भुलीचा विषय काढलाच आहे तर डोसचं गणित फळ्यावर करून घ्या. लिग्नोकेन (जागा बधिर करायचं औषध) 2 टक्के म्हणजे 1 मिलीत 20 मिग्रॅ. साध्या (अॅड्रिनॅलिन नसलेल्या) लिग्नोकेनची सुरक्षित मर्यादा 3 मिग्रॅ प्रति किलो धरा. 50 किलोच्या बाईला 150 मिग्रॅ, म्हणजे साडेसात मिली. तेवढंच सलाईन मिसळून 1 टक्का केलं की 15 मिली हातात येतं आणि लांब जखमेला पुरतं. 10 किलोच्या पोराला 2 टक्क्यांचं दीड मिलीच! चुका इथेच होतात, कारण सिरिंज मोठ्याचीच भरलेली असते. दर वेळी सुई सरकवली की आधी मागे ओढून रक्त येतं का पाहायचं. ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, तोंडाला धातूची चव असं पेशंट म्हणाला की इंजेक्शन तिथेच थांबवायचं. पुढची पायरी झटक्याची असते.

गळवात ‘भूल चढत नाही’ हेही कारणासकट शिकवा. पू आम्लधर्मी असतो, औषध नसेपर्यंत पोचतच नाही. गळवाच्या आत नाही, भोवतीच्या चांगल्या कातडीत कडं करून द्यायचं आणि पाच मिनिटं घड्याळ बघून थांबायचं. चीर छोटी ठेवली तर चार दिवसांत तोंड बंद होऊन पेशंट परत दारात. आतले कप्पे बोटाने किंवा आर्टरी फोर्सेपने (रक्तवाहिनी पकडायच्या चिमट्याने) मोडायचे. आणि गळवाच्या प्रत्येक पेशंटची रक्तातली शुगर तपासायची.

सातपुडा_ओपीडी (धडगाव)
टाके, गळवं नर्सबाईही शिकवतील. रेफर करणं, म्हणजे मोठ्या दवाखान्यात पाठवणं, मात्र कोणी शिकवत नाही. आमच्याकडून घाट उतरून पेशंट खाली जाईपर्यंत मधले तास वाया गेले की मोजले गेले, हे एमओवर ठरतं.

उदाहरण परफोरेशनचं, म्हणजे जठराला किंवा आतड्याला भोक पडल्याचं. गुडघ्यांसाठी रोज दुखण्याची गोळी खाणारे बाबा, ‘पोट दुखी राहिनं’ म्हणत येतात. अचानक, वेळ सांगता येईल असं सुरू झालेलं दुखणं, पोट फळीसारखं. काही तासांनी दुखणं जरा उतरतं आणि घरचे म्हणतात बरं वाटतंय. हीच फसगत. आतलं पाणी पसरून आम्ल पातळ झालेलं असतं, नाडी मात्र चढत असते. एक्स-रे काढण्याआधी दहा मिनिटं बसवून ठेवायचं, नाहीतर भोकातून सुटलेला गॅस डायफ्रामखाली (छाती-पोटामधल्या पडद्याखाली) जमत नाही. आणि गॅस दिसला नाही म्हणजे परफोरेशन नाही, असं नसतं.

निघण्यापूर्वी: तोंडाने काही नाही, शिरेत दोन जाड कॅन्युला (सुया), सलाईन, नाकातून जठरापर्यंत रायल्स ट्यूब, लघवीची नळी, अँटिबायोटिकचा पहिला डोस आणि वेदनाशामक. ‘वेदनाशामक दिलं तर निदान लपतं’ ही समजूत जुनी आहे, मुलांच्या डोक्यातून काढा. चिठ्ठीत निदानापेक्षा आकडे हवेत: दुखणं किती वाजता सुरू झालं, नाडी, बीपी, लघवी किती मिली, शेवटचं कधी खाल्लं, काय काय दिलं.

पोटात दुखतंय म्हणणाऱ्या मुलाची चड्डी काढून वृषण पाहायचेच. लाजून सांगत नाहीत. पीळ पडला असेल तर साधारण सहा तास हातात. सोनोग्राफीसाठी थांबायचं नाही.

कुट्टी मशीनमध्ये (चारा कापायच्या यंत्रात) बोट तुटून आलं तर तुटका भाग सलाईनने ओलसर गॉजमध्ये, ती गॉज बंद प्लास्टिक पिशवीत, पिशवी बर्फ-पाण्याच्या डब्यात. थेट बर्फावर ठेवलं की पेशी गोठून मरतात. पिशवीवर वेळ लिहा. हातातून रक्त येत असेल तर दाबून धरा, आंधळेपणाने आर्टरी फोर्सेप लावू नका. पुढे जोडायची रक्तवाहिनी किंवा नस चिरडते.

तापीकाठ (जळगाव)
रेफरचं पटलं. पण ओटी पूर्ण गाळायच्या मी विरोधात. सगळ्यांना रोज उभं करण्यापेक्षा प्रत्येकाला एक पेशंट द्या, भरतीपासून टाके निघेपर्यंत. ऑपरेशनला फक्त ज्याचा पेशंट तो आत, बाकीचे वॉर्डात. ऑपरेशननंतरचा पाचवा ते सातवा दिवस त्याने स्वतः पाहिला पाहिजे. आतड्याचा जोड सुटला तर बहुतेक याच सुमाराला, आणि ताप-पोटफुगीच्या आधी नुसती नाडी वाढते. घरी सोडलेला पेशंट तेव्हा गावातल्या याच मुलांच्या ओपीडीत येणार आहे.

अर्धाटाका (धुळे)
केळी उद्याच आणतो. पण गुण कशाला देऊ? केळ्याला?

सातपुडा_ओपीडी (धडगाव)
केळ्याला द्याच. शिवाय फोनला द्या. मुलाच्या हातात केसपेपर, समोर तुम्ही ऑन-कॉल सर्जन, वेळ 90 सेकंद. पहिल्या वाक्यात वय, काय झालंय, कधीपासून आणि तुमच्याकडून काय हवंय हे आलं पाहिजे. पूर्वेतिहासापासून सुरुवात केली तर फोन ठेवून द्या आणि परत लावायला सांगा. नाडी विचारल्यावर कागद चाळला तर अर्धा गुण कापा.