मदत हवी आहे: सोयाबीन कमरेएवढं वाढतं पण शेंगा नाहीत, बियाणं बदलू की पेरणी?

नमस्कार मंडळी, राहतो इंदूरला, शेती देपालपूरकडे, भारी काळी जमीन. नोकरीमुळे रोज जाणं जमत नाही म्हणून बटाईनं दिलीय. शेत कसणारे भैया मेहनती आहेत, त्यात वादच नाही. पण सोयाबीन दिसायला हिरवंगार, कमरेपर्यंत, दोन ओळी एकमेकांत घुसलेल्या, ऑगस्टच्या झडीत लोळतं आणि शेंगा फक्त शेंड्याला. सखल भागात पाणी साचून पिवळं पडतं ते वेगळंच.

जात जेएस ९५-६०, बी घरचंच, एकरी ४० किलोच्या वरच पडतं कारण "घना बोओ तो घास कम आती है" असं भैयांचं म्हणणं, शिवाय उभ्या पिकात युरिया. जात बदलू म्हटलं की नको म्हणतात, ही लवकर निघते आणि मग आलूला शेत मोकळं मिळतं (आणि खरा पैसा आलूतच, हेही खरंय). तर आधी कशाला हात घालू?

काळी_माती:
अहो थांबा, ९५-६० कमरेएवढी होतच नाही, ती बुटकी, सरळ वाढणारी जात आहे. दाटीनं थोडी उंच होईल पण एवढी नाही, मला तर बी मिसळलेलं वाटतंय. चार दाण्यांच्या शेंगा किती दिसतात ते बघा, या जातीत त्या बऱ्यापैकी असतात. सोयाबीनचं परागीकरण स्वतःच्याच फुलात होतं त्यामुळे जात आपोआप बिघडत नाही, घोळ होतो तो थ्रेशरमध्ये नाहीतर ट्रॉलीत. बियाण्यासाठी वेगळा तुकडा राखा, फुलोऱ्यात वेगळी दिसणारी झाडं उपटून टाका.

राऊवाला:
युरिया आधी बंद करा. ३५-४० दिवसांचं झाड मुळासकट उपटून मुळांवरच्या गाठी कापून बघा, आत गुलाबी असेल तर नत्र तिथेच बनतंय. वरून नत्र ओतलं की गाठी सुस्तावतात आणि झाड नुसतं पाल्यावर जातं. शिफारसही हेक्टरी २५ किलो नत्राचीच आहे, तीही पेरणीबरोबर, सोबत स्फुरद ६०, पालाश ४०, गंधक २०. आणि बी एकरी २५-३० किलो पुरतं, फक्त आधी ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवण बघा, ७० च्या खाली आली तर ते बी पेरूच नका. सोयाबीनचं साल नाजूक, पोती आपटली तरी उगवण जाते.

धागाकर्ता:
बापरे, बी मिसळलेलं असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. पाण्याचं काय करू?

काळी_माती:
रुंद वाफा आणि सरी. त्यासाठीचं बीबीएफ (रुंद वाफा-सरी) पेरणी यंत्र भाड्यानं मिळतं, जास्त पावसात सरीतून पाणी निघून जातं, खंड पडला तर वाफ्यात ओल टिकते. खंडवा रोडच्या सोयाबीन संस्थेत एक चक्कर मारा, भैयांनाही न्या, आपल्या सांगण्यापेक्षा त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं बरं. जात बदलायचीच तर जेएस २०-३४ विचारा, तीही ८७ दिवसांच्या आसपास निघते. पिवळा मोझॅक (पानं पिवळी पाडणारा विषाणू रोग) जास्त येत असेल तर जेएस २०-६९, पण ती आठवडाभर उशिरा.

धागाकर्ता:
आठवडा म्हटल्यावर भैया पुन्हा आलूवर येणार 😀 देपालपूर, बेटमाकडे कुणी २०-६९ नंतर आलू घेतलाय का? लागवड कितपत मागे गेली?