७८ च्या तबकड्या: आधी सुई बदलू की फोनो प्रीअँप?

नाट्यपद_संग्रह
१९३० ते ५० च्या काळातल्या एचएमव्हीच्या ७८ आरपीएम तबकड्या आहेत, थोड्या मोनो एलपीही. टर्नटेबलवर ७८ चा वेग आहे. साधं स्टिरिओ एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, आणि आरआयएए प्रीअँप (एलपीच्या प्रमाण कर्व्हनुसार आवाज सुधारून वाढवणारा) वापरतो. ऑर्गन घुमतो, गाण्यातले स-श ऐकूच येत नाहीत, वर सतत खरखर. पैसे आधी कशावर घालावेत?

रुंद_खाच
सुईवर. एलपीची सुई साधारण ०.७ मिलची असते (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ७८ च्या रुंद खाचेत ती भिंतींना नीट न टेकता तळाशी घासते, आणि तळाशी नुसता कचरा असतो. ३ मिलची सुई घ्या. तशी सुई असलेलं ऑडिओ-टेक्निका व्हीएम६७०एसपी कार्ट्रिज सुमारे ५ ग्रॅम दाब मागतं. तुमच्या आर्मवर (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यावर) तेवढा दाब लावता येतो का, ते आधी पाहा. हलक्या आर्मला ऑर्टोफॉन २एम ७८ बरं: ६५ मायक्रॉनची सुई, १.८ ग्रॅम दाब. पोलादी पिनांनी झिजलेल्या तबकडीवर २.५ किंवा ३.५ मिलची सुईही लावून बघा. ती भिंतीच्या न झिजलेल्या पट्ट्यावर टेकली तर आवाज एकदम स्वच्छ होतो.

आणि कृपा करून आयसोप्रोपिलने पुसू नका. या तबकड्या लाखेच्या असतात, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

टर्नओव्हर२५०
खरखरीचं पटलं. पण घुमणं आणि हरवलेले स-श हा ईक्यूचा (खालच्या-वरच्या आवाजाच्या समतोलाचा) दोष आहे, नव्या सुईनेही तो जाणार नाही. आरआयएए ५०० हर्ट्झखाली बास चढवत नेतं आणि १० किलोहर्ट्झला १३.७ डीबी कापतं. त्या काळच्या एचएमव्हीला टर्नओव्हर (ज्याच्या खाली बास चढवायचा ती वारंवारता) साधारण २५० हर्ट्झचा, आणि वरचं कापायचंच नसतं. म्हणजे १०० हर्ट्झला तुम्ही सुमारे ५ डीबी जादा ऐकताय आणि वरचा आवाज विनाकारण गमावताय.

टर्नओव्हर आणि रोलऑफ (वरचा आवाज कापणं) स्वतंत्र बदलता येतील असाच प्रीअँप घ्या. 'डेक्का', 'कोलंबिया' लिहिलेल्या बटणांमागे बहुधा एलपीचे कर्व्ह असतात, ७८ ला त्यांचा उपयोग नाही. रोलऑफ पूर्ण बंद होतो का, हे विकत घेण्याआधी विचारा.

नाट्यपद_संग्रह
संगणकावर उतरवून घ्यायचं असेल तर? नाजूक तबकड्या ४५ वर वाजवाव्यात असं वाचलंय.

टर्नओव्हर२५०
मग नवा प्रीअँप नकोच. ४५ वरच रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'फिल्टर कर्व्ह ईक्यू' उघडा, आरआयएए प्रीसेट निवडून 'इन्व्हर्ट' करा. मग वेग ७३.३३३ टक्क्यांनी वाढवा, म्हणजे ४५ चा ७८ होतो. एचएमव्हीचा ७८ चा कर्व्ह (२५० चा टर्नओव्हर, रोलऑफ नाही) सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू नका: प्रीअँपने आरआयएए ४५ च्या वेगावर लावलंय, वेग बदलल्यावर ते उलटवलं तर कर्व्ह चुकीच्या जागी बसतो. विजेचा ५० हर्ट्झचा हमही वेग बदलण्याआधीच काढा, नंतर तो ८७ हर्ट्झच्या आसपास सरकलेला असतो.

रुंद_खाच
दोन्ही चॅनेल एकत्र करायला विसरू नका. ७८ ची खाच आडवीच हलते, त्यामुळे सुईच्या वरखाली हालचालीतून येणारी खरखर बेरजेत कटते. वाय-केबल मात्र कार्ट्रिज आणि प्रीअँपच्या मध्ये लावा. प्रीअँपचे दोन आउटपुट थेट जोडले तर ते एकमेकांवर भार टाकतात. तिथेच जोडायचे असतील तर प्रत्येकात १ किलोओहमचा रेझिस्टर घाला.

आपल्याकडे छापलेल्या मोनो एलपींना आरआयएएच ठीक. सुई जमल्यास १ मिलची.