सरळ अंतर 480 किमी, मग विमानाला सव्वा ते दीड तास का?

पाऊलवाट: आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले. तिला भावाकडे न्यायचंय. रस्त्याने 640 किमी, म्हणजे गाडीत अकरा-बारा तास. तेवढं तिला झेपणार नाही. नकाशावर दोन शहरांमधलं सरळ अंतर 480 किमी आहे. विमान ताशी 800 किमीने जातं असं धरलं तर 36 मिनिटं होतात. वेळापत्रकात मात्र जायला 1 तास 25 मिनिटं, यायला 1 तास 10. थांबा नाही. आईला नक्की किती वेळ बसावं लागेल?

उंचसखल: वेळापत्रकातली वेळ नुसती हवेतली नसते. विमान जागेवरून हललं की मोजणी सुरू होते आणि पोचल्यावर जागेवर उभं राहिलं की संपते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं त्यातच येतं.

दिशामापक: विमानांचे मार्ग आखण्यात माझी चौदा वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. 800 चा वेग जेटचा, तोही वर पोचल्यावरचा. एवढ्याशा अंतरात चढण संपते न संपते तोच उतरण सुरू होते. त्यात 10,000 फुटांखाली बहुतेक ठिकाणी 250 नॉट, म्हणजे ताशी साधारण 460 किमीची मर्यादा असते. शिवाय धावपट्टीवर वाऱ्याच्या समोरून उतरायचं असतं, त्यामुळे कधी कधी शहराला वळसा घालावा लागतो. 480 चे 520 सहज होतात.

तुमच्या वेळा पाहून मला हे एटीआर 72 सारखं पंख्याचं विमान वाटतं. त्याचा वेग ताशी 500 च्या आसपास. समोरून ताशी 60 किमीचा वारा असेल तर 520 किमीला 71 मिनिटं लागतात, तोच पाठीशी असेल तर 56. जाण्यायेण्यातला फरक बहुतेक तिथलाच. वेळापत्रकात बहुधा विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो आधी बघा.

आता आईंचं. व्हीलचेअरच्या प्रवाशांना बहुधा सगळ्यांच्या आधी चढवतात आणि शेवटी उतरवतात. म्हणून 1 तास 25 मिनिटं नव्हे, दोन तास बसणं धरा. पट्टा सोडून उभं राहायला मधे फार तर अर्धा तास मिळेल. एटीआरला मागच्या दाराशीच अरुंद पायऱ्या असतात. आईंना त्या चढवत नसतील तर रॅम्प किंवा लिफ्टची सोय तिकीट काढतानाच मागून घ्या, विमानतळावर पोचून नको. आणि इतक्यात प्रवास चालेल का, हे डॉक्टरांना विचाराच. ऑपरेशननंतर पायात गुठळी होण्याचा धोका काही आठवडे राहतो.

पाऊलवाट: वेळापत्रकात एटीआरच आहे! पायऱ्यांचा विचारच केला नव्हता. दोन तास आई बसू शकते, घरी टीव्हीसमोर बसतेच. उद्या डॉक्टरांना विचारून मगच तिकीट काढते.

दिशामापक: कडेची सीट घ्या, मधल्या वाटेला लागून. शस्त्रक्रियेचा पाय वाटेच्या बाजूला येईल अशी.