बिलावर हरकत कधी घ्यायची: डिस्चार्जच्या आधी की नंतर?

वारणाकाठ: वडिलांच्या हर्नियाच्या बिलात औषधांचा सगळा आकडा एकाच ओळीत होता. तपशीलवार बिल मागितलं, तर परत केलेली इंजेक्शनं त्यात तशीच धरलेली. शिवाय फिजिशियन फिरकलेच नाहीत त्या दिवसाचीही व्हिजिट लावलेली. दोन्ही रकमा कमी करून घेतल्या. माझं ठाम मत आहे की तपशील हातात आल्याशिवाय कुणी पैसे भरूच नयेत. २०२१ पासून राज्यात रुग्णहक्कांची सनद आणि १५ सेवांचे दर दर्शनी भागात लावणं नर्सिंग होमना बंधनकारक आहे. तुमच्या गावात कुठे दिसले का?

भूलतज्ज्ञ: चुकीची नोंद काढलीच पाहिजे. पण तो नियम दर लावायला सांगतो, किती असावा ते सांगत नाही. रात्रपाळीच्या नर्स, ऑक्सिजन, जैववैद्यकीय कचरा, हा खर्च छोट्या नर्सिंग होमने कुठून काढायचा? दर जास्त वाटला म्हणून दहा नातेवाईक घेऊन काउंटरवर येणं मला मान्य नाही.

वारणाकाठ: दहा जण नकोतच. पण डॉक्टरसाहेब, सर्जन तोच, ऑपरेशन तेच, फक्त खोलीचा वर्ग बदलला की फी का वाढते?

भूलतज्ज्ञ: त्यातूनच जनरल वॉर्डचे दर खाली ठेवता येतात. मात्र हे दाखल करतानाच लेखी द्यायला हवं, एवढं मान्य.

निवृत्त लेखापरीक्षक: दर बांधता येत नाहीत असं नाही. मे २०२० मध्ये सरकारने कोविडसाठी खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर ठरवले होते. साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरसह आयसीयू ९,०००. बिलं तपासायला लेखापरीक्षक बसले आणि रकमा खाली आल्या.

भूलतज्ज्ञ: काका, पीपीई किट आणि महागडी औषधं त्या दरांच्या बाहेर होती, तेही सांगा. बरेचसे वाद तिथेच झाले.

माहेरवाशीण: आपलं माणूस आत असताना भांडायचा धीर होत नाही हो. मी म्हणते, बिल मान्य नसल्याचं लेखी पत्र द्या, त्याची पोच घ्या आणि पैसे भरा. मग केसपेपर मागा. अर्ज केल्यावर ते ७२ तासांत द्यायचे असतात. पुढे दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जाता येतं. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही.

वारणाकाठ: ताई, आयोगात तारखांवर तारखा पडतात. एकदा गेलेला पैसा परत आणणं फार कठीण. आणि बिल थकलं म्हणून पेशंटला अडवून ठेवणं बेकायदा आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. मग घाबरायचं कशाला?

माहेरवाशीण: रात्री अकरा वाजता काउंटरवरच्या माणसाला उच्च न्यायालय कोण ऐकवणार? २०२१ च्या त्याच नियमांत तक्रार कक्ष आणि टोल-फ्री क्रमांकही आहे. तुमच्या महापालिकेचा लागतो का, कोण उचलतं, ते इथे लिहा. माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.