बोका पायपुसण्यावर शू करतो, बाथरूमच्या दारावरून घरात वाद. मदत हवी आहे

घरात चार माणसं, एक बोका (3 वर्षं, नसबंदी झालेली) आणि एक मांजरी. दोघांना मिळून एकच लिटर बॉक्स (शी-शूसाठी लिटर, म्हणजे वाळूसारखा भुसा, भरलेला ट्रे), तोही बाथरूममध्ये. एकाला दार घट्ट लावून घ्यायची सवय, दुसऱ्याला कमोडचं झाकण उघडं टाकायची. फरशी रोज फिनेलने पुसतात. दोन आठवड्यांपासून बोका दाराबाहेरच्या पायपुसण्यावर शू करतोय. निम्मं घर म्हणतं तो मुद्दाम करतो, उरलेले दार लावणाऱ्याला बोल लावतात. नेमकं काय बदलायचं?

प्रतिसाद 1
मुद्दाम नाही करत तो. पण दाराचं नंतर, आधी बोक्याकडे बघा. बॉक्समध्ये वारंवार बसून कुंथतोय, थेंब थेंबच होतेय, रक्त दिसतंय, सारखा तिथेच चाटतोय, यातलं काहीही असेल तर आत्ताच्या आत्ता व्हेटकडे न्या. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं, आणि लोक बद्धकोष्ठ समजून थांबून राहतात. यातलं काही नसलं तरी लघवी एकदा तपासून घ्याच.

तब्येत ठीक निघाली तर दार. चौकटीला हूक, दाराला छोटी साखळी, 12-15 सेंमी फट कायम राहील अशी. तरी कोणी आत अंघोळीला गेलं की बोका अडकणारच, म्हणून बॉक्स वाढवा. मांजरं जितकी, त्याहून एक जास्त: तुम्हाला तीन. तिन्ही वेगवेगळ्या जागी हवेत. शेजारी शेजारी ठेवलेत तर मांजराच्या लेखी तो एकच. लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या दीडपट, बिनवासाच्या लिटरचा थर 5-7 सेंमी, दिवसातून दोनदा साफ.

धागाकर्ता
फिनेल सोडलं तर वास कसा जाणार?

प्रतिसाद 2
फिनेल आजच बंद करा. त्यातल्या फिनॉलचा निचरा मांजराच्या यकृताला नीट जमत नाही, आणि ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं. ब्लीचही नको: लघवीतल्या अमोनियाशी मिसळून घातक वायू होतो. शू कापडाने टिपून घ्या, एन्झाइम क्लीनर (लघवीचा वास मुळापासून घालवणारं द्रावण) शू मुरली तितकं खोल मुरेल एवढं ओता, बाटलीवर दिलेला वेळ ठेवा, आपोआप वाळू द्या. घासत बसू नका. रबरी पाठीचं पायपुसणं असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, टाकून द्या. वास रबरात राहतो आणि बोका तिथेच परत येतो.

कमोडचं झाकण मात्र बंदच हवं. फ्लशच्या टाकीत रंगीत वडी टाकत असाल तर ते पाणी मांजराच्या पोटात जातं. गुठळी धरणारं लिटर कमोडमध्ये ओतू नका, त्यातली बेंटोनाइट माती फुगून पाइप तुंबतो. घरात कोणी गरोदर असेल तर बॉक्सचं काम दुसऱ्याने करायचं, आणि रोज. टोक्सोप्लाझ्मा (गर्भाला धोकादायक परजीवी) मांजराच्या विष्ठेतून पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला 1 ते 5 दिवस घेतो.

नवे बॉक्स आले म्हणून बाथरूममधला लगेच उचलू नका. दोघं नवे वापरताना दिसली, की मगच हलवा.