रुग्णाच्या घरी उरलेली औषधे गावातील दुसऱ्या गरजूला देता येतील का?

वाचनालय_घाटंजी:
नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात सार्वजनिक वाचनालयाचे काम मी पाहतो. रुग्ण दगावला किंवा डॉक्टरांनी औषध बदलले, की घरात न फोडलेल्या स्ट्रिप शिल्लक राहतात. मग त्या उकिरड्यावर जातात, नाहीतर 'तुम्हालाही बीपीच आहे ना' असे म्हणून शेजारी दिल्या जातात. वाचनालयात पेटी ठेवून अशी औषधे गोळा करावीत व मोफत वाटावीत, असा तरुण मंडळींचा आग्रह आहे. कायद्याने हे चालेल का?

औषधनिर्माता_वणी:
चालणार नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम १८ मध्ये विनापरवाना विक्रीबरोबरच विनापरवाना वितरणही निषिद्ध आहे, त्यामुळे पैसे घेतले नाहीत एवढ्याने सुटका होत नाही. नोंदणीकृत डॉक्टरला स्वतःच्या रुग्णाला औषध देण्याची सवलत आहे, पण ती वाचनालयाला लागू होत नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये मुदतबाह्य व न वापरलेल्या औषधांविषयी मार्गदर्शन काढले, मात्र त्याचा रोख विल्हेवाटीवर आहे, पुनर्वाटपावर नाही.

कायदा बाजूला ठेवला, तरी दुकानात रोज दिसणारी अडचण उरतेच. आपल्याकडे चार-सहा गोळ्या कापून घेण्याची पद्धत आहे आणि मुदत व बॅच क्रमांक बहुधा स्ट्रिपच्या एकाच टोकाला छापलेले असतात. ते टोक गेल्यावर हातातल्या गोळीबद्दल मीही खात्रीने काही सांगू शकत नाही. ट्रॅमॅडॉल हे वेदनाशामक तर २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याखाली आहे. कर्करोगाच्या रुग्णाच्या घरी हमखास सापडणारे हे औषध पेटीत पडले, तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकते.

वर्धेकर:
हे सगळे मान्य केले, तरी हजारो रुपयांची सीलबंद औषधे उकिरड्यावर जावीत हे पटत नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून बऱ्याच राज्यांनी औषधदानाचे कायदे केले आणि आयोवा राज्यात २००७ पासून असा कार्यक्रम चालू आहे. तिथे सर्वसाधारणपणे सीलबंद व मुदतीतील औषधेच घेतली जातात, औषधनिर्माता ती तपासतो, नियंत्रित औषधे वगळली जातात आणि सद्भावनेने दान करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळते. आपल्या राज्यात हे का होऊ नये?

प्रा_आ_केंद्र_डॉक्टर:
व्हावे, पण घरातून आलेल्या औषधांपासून सुरुवात नको. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि टिनाच्या छताखालच्या फळीवर त्याहून जास्त ताप असतो, तर पाकिटावर 'तीस अंशांखाली ठेवा' असे लिहिलेले असते. न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते. ते उन्हात राहून गेले, तरी दिसायला अनेकदा जसेच्या तसेच असते. रुग्णाला देऊन परत आलेली औषधे दान म्हणून स्वीकारू नयेत, ही जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानासंबंधीची भूमिकाही याच अविश्वासातून आली आहे. साठवणुकीची नोंद असलेल्या रुग्णालयांच्या व घाऊक विक्रेत्यांच्या शिल्लक साठ्यासाठी नियम केले, तर मी आनंदाने पाठिंबा देईन. क्षयरोगाची सरकारी औषधे उरली असतील, तर ती मात्र आताच आरोग्य केंद्रात आणून द्यावीत.

वाचनालय_घाटंजी:
पेटीचा विचार सोडून देतो. तालुक्यातील दुकानदारांनी न कापलेल्या स्ट्रिप परत घ्याव्यात, असा ठराव ग्रामसभेत घेतला तर काही उपयोग होईल का?

औषधनिर्माता_वणी:
ठरावाने दुकानदार बांधला जाणार नाही. बिल असेल आणि काही दिवसांतच स्ट्रिप परत आणली, तर अनेक जण ती घेतात. महिने उलटल्यावर मीही घेत नाही. त्यापेक्षा नवे औषध सुरू होताना लोकांनी पंधरा दिवसांचेच घ्यावे, असे आशाताईंमार्फत सांगता आले तर पाहा. तालुक्याला पुन्हा यावे लागू नये म्हणून तीन महिन्यांचे एकदम नेले जाते आणि फेरतपासणीत मात्रा बदलली की शिल्लक उरते ती याच खरेदीतली.