बागेत नुसतं बसणं : तुमचे अनुभव लिहा

प्राची_डोंबिवली

काल भाजीवालीकडे अनंताची फुलं होती, कर्दळीच्या पानात गुंडाळलेली. दोन घेतली, आणि रिक्षात बसल्या बसल्या मी वाईला आजोबांच्या परसात जाऊन पोचले.

आजोबांनी रिटायर झाल्यावर घरामागे बाग केली. फार मोठी नाही. आड, आडाच्या सांडपाण्यावर केळी आणि कर्दळी, कुंपणाला तोंडलीचा वेल, एक अनंत, हजारी मोगरा. संध्याकाळी झारीने पाणी घालायचे. पाणी घालून झालं की झारी पालथी ठेवून न्हाणीघराच्या पायरीवर बसायचे ते थेट दिवेलागणीपर्यंत. त्या वेळात त्यांच्याशी कोणी बोललेलं चालायचं नाही. आजीने आतून "अहो, चहा" म्हटलं तरी नुसता हात वर करायचे. मी एकदा विचारलं, आजोबा काय करताय? तर म्हणाले, "बसलोय." मला वाटलं पुढे काहीतरी सांगतील, पण नाही.

आता माझ्याकडेही गॅलरीत बऱ्यापैकी झाडं आहेत. खत, छाटणी, कीड यावर आपण सगळेच भरपूर लिहितो, आणि ते हवंच. पण बागेचं काम करणं वेगळं आणि बागेत बसणं वेगळं. कामाला गेलं की पिवळं पान दिसतं. बसलं की झाड दिसतं. मला या दुसऱ्या गोष्टीबद्दल ऐकायचंय. तुम्ही बसता का? कधी, कुठे, काय दिसतं? कुंडीतली, परसातली, बांधावरची, कुठलीही बाग चालेल.

स्नेहल_आर

वाईला कुठे गं? माझं आजोळ गणपती आळीत!!

प्राची_डोंबिवली

रविवार पेठ. घर आता विकलं, आड बुजवला म्हणतात.

स्नेहल_आर

अरेरे. आमचाही बुजवला. अनुभव लिहिते नंतर, कुकर लावलाय.

जुई७

माझी वेळ सकाळची, डबे व्हायच्या आधीची. चहा घेऊन गॅलरीच्या उंबऱ्यावर बसते. गेल्या वर्षी कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला काहीतरी कचरा लोंबताना दिसला. काढून टाकणार इतक्यात एक शिंजीर मादी चोचीत कापूस घेऊन आली. मग काय, ती तार आमच्यासाठी बंद. घरटं बघितलंय का कोणी जवळून? कोळ्याच्या जाळ्याने सगळं बांधलेलं, बाहेरून सालींचे कपटे, सुकलेली पानं, आणि दाराच्या वर पावसापासून आडोसा म्हणून छोटीशी वळचण. हे सगळं तिने एकटीने केलं. नर निळाजांभळा चमकत जवळच्या जास्वंदीवर बसून नुसता ओरडायचा. सासूबाई म्हणाल्या, सगळीकडे हेच 😄

दोन पिल्लं झाली. आई यायची त्याआधी तिचा चिवचिवाट ऐकू यायचा आणि दारातून दोन पिवळट चोची बाहेर. मी तिथे रोज हलायचं नाही अशी बसायचे. आठवड्याभरात तिला माझी सवय झाली, माझ्या समोरून सरळ घरट्यात शिरायची.

केदार_म

सासूबाईंना +१००

निशिगंधा

मस्त! फोटो आहे का?

जुई७

नाही काढला. मोबाईल वर केला की ती उडून जायची.

अभय_पुणे

सगळं खरं, पण संध्याकाळी बसायचं तर डासांचं काय करता? आमच्याकडे पाच मिनिटं बसवत नाही.

केदार_म

@अभय, टेबलफॅन लावा पायाशी. डासांना वाऱ्यात उडता येत नाही. आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी पुसून कोरड्या करा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच होतो, अंड्याचा डास व्हायला आठवडाभर पुरतो त्याला.

अभय_पुणे

टेबलफॅनचं लक्षातच आलं नव्हतं. आजच करतो.

वाडीकर

आमच्याकडे बसायची वेळ म्हणजे दुपारी जेवण झाल्यावर. दिवेआगरला वाडी आहे. माड, पोफळी, मधे जायफळं, पोफळींवर चढवलेले मिरीचे वेल. मे महिन्यात डोक्यावर सूर्य असला तरी वाडीत सावलीच. बाबा जेवून विहिरीच्या कठड्याला टेकून बसायचे. पाटात पाणी सोडलेलं असायचं, त्याचा आवाज. आम्ही लहानपणी तिथेच चटई टाकून झोपायचो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. भर दुपारी. आम्ही सगळे माजघरात बसलेलो आणि बाहेर पोफळी मोडल्याचे आवाज, एकामागून एक, थांबेचनात. वारा पडल्यावर दार उघडलं तर समोर समुद्र दिसला. आमच्या घरातून समुद्र कधीच दिसत नव्हता. बाबा पडवीत उभे राहिले आणि म्हणाले, "ऊन कुठून आलं?" एवढंच.

नंतर बरेच दिवस ते वाडीत गेलेच नाहीत. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं, उरलेले माड त्यात गेले. शहरातल्या लोकांना वाटतं नवीन रोपं लावली की झालं. पोफळीचं रोप उघड्या उन्हात करपतं. म्हणून आधी केळी लावायच्या, त्या वाढल्या की त्यांच्या सावलीत पोफळी. मग पाच-सात वर्षं थांबायचं. आता काही झाडांना पोय, म्हणजे फुलोरा, फुटलीय. बाबांचं वय झालंय पण दुपारी खुर्ची घेऊन जातात, विहिरीपाशी नाही, नवीन रोपांच्या ओळीत. केळीची सावली सरकेल तशी खुर्ची सरकवत बसतात. मुंबईहून गेलो की मी पण शेजारी बसतो. बोलत नाही फारसं कोणी.

प्राची_डोंबिवली

वाडीकर, काय लिहू कळत नाही. "ऊन कुठून आलं" वाचून पोटात तुटलं. बाबांना नमस्कार सांगा.

निशिगंधा

आमचे श्रीवर्धनचे काका आठवले. त्यांचीही वाडी गेली, ते मात्र पुण्याला मुलाकडे आले ते आलेच. सुपारी रोठा जातीची ना तुमची?

वाडीकर

हो, रोठाच. त्या वादळाने किती जणांना गाव सोडायला लावलं... काकांना कधी यावंसं वाटलं तर आमच्याकडे या म्हणावं.

मीनल_लातूर

पाणी असलं तर बाग हो. २०१६ साली आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं, एप्रिलमध्ये पहिली गाडी आली ५ लाख लिटर घेऊन. नळाला पाणी नाहीच, टँकरची वाट बघत रात्र जायची. आईने तेव्हा ठरवलं होतं कुठल्या झाडाला जगवायचं. भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, तांदूळ धुतलेलं जास्वंदीला. गुलाब गेले. शेवंती गेली. बोगनवेलीला तर थेंब दिला नाही, आणि त्या वर्षी ती जी फुलली ती पुन्हा कधीच तशी फुलली नाही. पाणी तुटलं की तिला बहर येतो हे आम्हाला नंतर नर्सरीवाल्याने सांगितलं. आई रोज संध्याकाळी तिच्यापुढे पाट टाकून बसायची. रस्त्याने घागरी घेऊन जाणाऱ्या बायकाही थांबायच्या दोन मिनिटं.

आता पाणी आहे. पण आई अजून हात धुतलेलं पाणी फेकत नाही.

स्नेहल_आर

मीनल, ❤️

आता माझं. आमच्याकडे बसते ती माझी लेक, चौथीत आहे. कुंडीतल्या लिंबावर पक्ष्याने घाण केल्यासारखं काहीतरी होतं, तिने बघून सांगितलं, आई हे हलतंय. अळी! लहानपणी तशीच दिसते ती, म्हणजे पक्षी खात नाहीत. मग मोठी झाली तशी हिरवीगार, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके. काडीने जरा हात लावला की डोक्यामागून लाल दुतोंडी शिंग बाहेर काढायची आणि एक उग्र वास. नवरा फवारणीचा पंप घेऊन आला तर लेक कुंडीपुढे आडवी झाली, अक्षरशः. अर्धं लिंबू खाऊन संपवलं त्या अळ्यांनी. मग कोष. दहा-बारा दिवसांनी सकाळी कोष फुटला, पंख अगदी चुरगळलेले, ओले. ते ताणून वाळेपर्यंत ही समोर बसून. शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवतेय आणि ही जागची हलेना. मी रिक्षावाल्या काकांना जा म्हणून सांगितलं. एक दिवस शाळा बुडली तर बुडली.

मला वाटलं होतं राणी पाकोळी असेल, आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ ला जाहीर केलेलं. तीही लिंबाच्या जातीवरच अंडी घालते. पण ही साधी काळी, पांढऱ्या ठिपक्यांची, कॉमन मॉरमॉन निघाली. लेकीला काही फरक पडला नाही.

जुई७

शाळा बुडवू दिलीस, फार छान केलंस.

रेवा_प

अवांतर : जास्वंदीवर पांढरा कापसासारखा थर येतोय, चिकट. काय करू? उपाय सांगा प्लीज, कळ्या गळतायत.

केदार_म

पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग कडुलिंबाचं तेल आणि थोडा भांड्यांचा साबण पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारा, उन्हात नको. मुख्य म्हणजे कुंडीवर मुंग्या चढतायत का बघा. मुंग्याच ते ढेकूण या फांदीवरून त्या फांदीवर नेतात, मुंग्या थांबल्या की निम्मं काम झालं.

रेवा_प

आहेत मुंग्या! धन्यवाद. आणि सॉरी, धागा बसण्याचा आहे.

परळचा_विजय

आमची चाळ, गॅलरी सामायिक, तिथे एक तुळस. म्हणून माझी बाग म्हणजे राणीची बाग. १८६२ पासूनची आहे ती. लोक पेंग्विन बघायला जातात, मी झाडं बघायला. वडील गिरणीत होते, पाळी सुटली की कधीकधी घरी न येता तिकडे जाऊन बसायचे. आईला वाटायचं दारू प्यायला जातात. एक दिवस मला बरोबर घेऊन गेले आणि कैलासपतीखालचं बाकडं दाखवलं. बुंध्यालाच लागलेली फुलं, खाली पडलेली, तो वास. दिवसभर साच्यांचा आवाज ऐकून माणूस बहिरा होतो, त्यांना तिथे शांत वाटत असणार. गिरणी बंद पडल्यावर तर रोजच जायचे. मी आता उर्वशी फुलली की जातो, लोंबणारे लाल तुरे बघायला. जमलं तर एकदा जाऊन बघा, मुंबईत राहून बऱ्याच जणांनी पाहिलेली नसते.

अभय_पुणे

विजय, वडिलांचं वाचून बरं वाटलं. पुण्यात मी सिंहगड रोडच्या पुलं उद्यानात जातो, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलेलं. पाण्याकाठी बसायचं. रविवारी नको, फार गर्दी.

ओहायोकर

इथे बाग म्हणजे मे ते सप्टेंबर. मदर्स डे होईपर्यंत कुंड्या बाहेर काढायच्या नाहीत असं शेजारची म्हातारी पहिल्याच वर्षी सांगून गेली, आणि खरंच, एप्रिलच्या शेवटीसुद्धा दव गोठतं. हिवाळाभर कढीपत्ता आणि अळू दिवाणखान्यात, खिडकीपाशी. म्हणून असेल, पण ज्या दिवशी कढीपत्ता डेकवर जातो त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर येऊन त्याच्या शेजारी बसतो. बायको म्हणते दोघांनाही ऊन हवंय. जूनमध्ये काजवे येतात मागच्या गवतावर. आईबाबा आले होते तेव्हा बाबा म्हणाले, कोकणात आता इतके दिसत नाहीत रे. रोज रात्री डेकवरचा दिवा बंद करायला लावायचे. परत गेले तेव्हा बॅगेतून इथल्या झेंडूचं बी घेऊन गेले, तिकडे ढिगाने झेंडू असताना!

वाडीकर

काजवे आहेत हो अजून, पावसाच्या तोंडावर या. दिवे फार झालेत गावात, तेवढंच.

शुभदा_काकू

आत्ता वेळ मिळाला. सासूबाई शेवटचं वर्ष-दीड वर्ष अंथरुणावर होत्या. पलंग खिडकीशी हलवला होता, बाहेर मधुमालती. त्यांना फुलांचा हिशोब पाठ झाला होता. संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. मला सांगायच्या, "तो डावीकडचा घोस काल पांढरा होता बघ." सुरुवातीला मी हो हो म्हणून औषध देऊन निघून जायचे, कामं पडलेली असायची. मग त्यांच्या पायाशी बसायला लागले संध्याकाळी. मोठे पतंग यायचे अंधार पडताना, पांढऱ्या फुलांवर. त्या मोजायच्या. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आमच्या, पण त्यांच्याशी निवांत बोलणं माझं त्या खिडकीतच झालं. माहेरच्या गोष्टी, त्यांच्या सासूच्या गोष्टी. एक भाऊ लहानपणी गेला होता त्यांचा, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

निशिगंधा

काकू 🙏

प्राची_डोंबिवली

शुभदाकाकू, किती छान. मधुमालती मला कधीची हवी आहे, नर्सरीत मिळाली ती डबल पाकळीची, वासच नाही फारसा.

शुभदा_काकू

अगं माझी साधी एकेरी आहे, वास घमघमतो. बुडातून फुटवे येतच असतात, मुळासकट काढून देते. मी ठाण्यात, नौपाड्यात.

रेवा_प

मीपण ठाण्यात!! मला पण मिळेल का? माझ्याकडे सायली आहे, बदल्यात देते.

शुभदा_काकू

या दोघी. रविवारी सकाळी दहाच्या आत या, नंतर ऊन होतं, फुटवा मान टाकतो. येताना ओला सुती कपडा आणा मुळं गुंडाळायला. आणि खाऊन येऊ नका, पोहे करते.